पनवेलचा कल: दगड वाकला की तुटला?

ठाण्याहून वाशीची लोकल पकडली की डावीकडची खिडकी मिळवावी. ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत पारसिकचा डोंगर सोबत करतो, मधेमधे जुन्या खाणींनी कुरतडलेला. पण डोंगराआधी जरा गाडीकडेच बघा. एखाद्या वळणावर पुढचे डबे दिसतात. प्रत्येक डबा म्हणजे सरळसोट लोखंडी खोकं, एकही वाकलेला नसतो. तरी अख्खी गाडी वळलेली असते, कारण वळण डब्यांत नसतं, दोन डब्यांमधल्या जोडात असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता डोंगर. पनवेलहून पूर्वेला पाहिलं तर माथेरान आणि प्रबळगड दिसतात. माथा सपाट आणि अंगावर आडवे पट्टे, जणू कोणी पट्टी लावून आखलेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचे हे पट्टे. पावसाळ्यात त्यांच्या कडांवरून धबधब्यांच्या रांगा लागतात तेव्हा ते मोजताही येतात.

तेच थर पश्चिमेला, खाडीच्या बाजूला, आडवे राहत नाहीत. ते समुद्राकडे कलतात. मुंबईत हा कल साधारण दहा-पंधरा अंशांचा आहे. दहा अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण हिशोब करून बघा: दहा अंशांनी उतरणारा थर दर किलोमीटरला सुमारे १७६ मीटर खाली जातो. म्हणजे माथेरानच्या माथ्याइतक्या, सुमारे ८०० मीटर उंचीवरचा थर पाच किलोमीटरच्या आतच समुद्रसपाटीला टेकेल. आडवे थर संपून कललेले थर सुरू होतात तो पट्टा उत्तर-दक्षिण असा शंभरावर किलोमीटर पसरलेला आहे. भूवैज्ञानिक त्याला पनवेलचंच नाव देतात, ‘पनवेल फ्लेक्शर’, म्हणजे पनवेलचा वाक. आपल्याकडे पनवेल म्हटलं की एसटी स्टँड आणि हायवेची कोंडी आठवते. जगभरच्या भूशास्त्रज्ञांना मात्र हा वाक आठवतो.

थर असे का कलले? शाळेत शिकलेलं उत्तर सोपं आहे. पृथ्वीच्या कवचावर दोन्ही बाजूंनी दाब आला की थरांना वळ्या पडतात. वर फुगलेली ती अपनती, खाली दबलेली ती अभिनती, आणि उदाहरण हिमालय. पण दगडासारखा दगड वाकतो कसा? लोणावळ्याची चिक्की आठवा. पाक गरम असताना तिला हवी तशी वळवता येते. थंड झाली की कडकन तुटते. वस्तू तीच, फरक उष्णतेचा. कवचात दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढतं. ३०० अंशांच्या आसपास ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ नरमतं. वितळत नाही हं, घनच राहून लाखो वर्षांत हळूहळू सरकतं. म्हणून दहा-पंधरा किलोमीटरखाली खडक प्रामुख्याने वाकतो आणि वर प्रामुख्याने तुटतो. वेगालाही महत्त्व आहे: सावकाश दाबलं तर वाकेल तोच खडक झटक्यात ताणला तर फुटेल.

इथेच पनवेलचं कोडं सुरू होतं. आपला काळा पाषाण त्या खोलीवर नव्हताच. घाटात या थरांची एकूण जाडी दोनेक किलोमीटर भरते, म्हणजे तळाचा थरही शंभर अंशांच्या खालीच असणार. ही थंड चिक्की. ती शंभर किलोमीटर लांबीभर अशी सफाईने वाकेल, हे पटत नाही.

आता ती लोकल आठवा. भूवैज्ञानिक जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये पश्चिम भारतातल्या डाइक, म्हणजे भेगांत घुसून गोठलेल्या लाव्हाच्या भिंतींबद्दल लिहिताना या वाकाचाही विचार केला होता. (हे ऑडेन एका नामवंत इंग्रजी कवीचे थोरले बंधू.) पुढे १९९५ मध्ये देसाई आणि बर्ट्रांड यांनी मांडलं की ही मुळात वळी नाहीच, कवच ताणलं गेल्याने झालेली प्रस्तरभंगाची, म्हणजे खडक भेगांवर तुटून सरकल्याची, रचना आहे. ठोकळे तुटले, घसरले, घसरताना कलंडले. दुरून पाहिलं की सलग वाक दिसतो, वळणावरच्या लोकलसारखा. मला हे जास्त पटतं.

प्रस्तरभंगाचेही प्रकार आहेत. जमीन दाबली गेली तर तिरक्या भेगेवरचा ठोकळा वर चढतो, ताणली गेली तर खाली घसरतो. कधी दोन्ही बाजू नुसत्या आडव्या सरकतात. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात तसंच झालं. कोकणात मामला ताणाचा होता. लाव्हा ओतला गेला त्यानंतर थोड्याच काळात, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, आज हिंद महासागरात असलेल्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून वेगळा झाला आणि मधे समुद्र पसरत गेला. आपण राहतो ती फाटलेल्या कापडाची दशी.

त्या ताणाच्या खुणा ठाणे जिल्ह्यात अंगाला जाणवतात, अगदी शब्दशः. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच्या कुंडांत लोक न्हायला जातात ते गरम पाणी ज्वालामुखीचं नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगांतून वर येतं. पार राजापूरपर्यंत कोकणातले असे झरे साधारण उत्तर-दक्षिण रांगेत आहेत, ते उगाच नाही.

कल स्वतः बघायचा असेल तर एक फसगत टाळा. ठाणे-बेलापूर रस्ता उत्तर-दक्षिण जातो, म्हणून त्याला समांतर कापलेल्या दरडीत थर जवळजवळ आडवेच दिसतात. कौलारू घराकडे पागोळ्यांच्या बाजूने पाहिलं तर छपराची कड आडवी दिसते, उतार दिसतो तो बाजूने. तसंच इथे. पूर्व-पश्चिम कापलेली दरड शोधा. तिथे दोन थरांमधे विटकरी रंगाची माती सापडली तर उत्तम. एक थर पसरल्यावर पुढचा येईपर्यंत झिजून तयार झालेली ती माती, वरच्या लाव्हाने भाजून लाल केलेली. रस्त्याच्या पलीकडे सुरक्षित अंतरावर उभं राहून फोनमधलं लेव्हलचं ॲप उघडा, फोनची कड नजरेने त्या लाल रेघेशी जुळवा आणि आकडा वाचा.