लेपर्ड आणि क्रेस्टेड: दोन गेकोंच्या प्रजननाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात गेको, म्हणजे पालीच्या जातीचे छोटे प्राणी, पाळणाऱ्यांचं बोलणं फिरून फिरून दोनच नावांवर येतं, लेपर्ड आणि क्रेस्टेड. दोन्हींची मादी एका खेपेला बहुधा दोनच अंडी घालते. तरी पहिल्याची पिल्लं इथे सहज निघतात आणि दुसऱ्याची अंडी उन्हाळ्यात हातची जातात. याचं मूळ त्यांच्या मुलखात आहे.

लेपर्ड आपल्या शेजारचा. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागात तो राहतो. एडवर्ड ब्लाइथ यांनी 1854 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पण पाळीव म्हणून तो वाढला अमेरिकेत, साधारण 1970 च्या दशकापासून. त्याचं लिंग अंडं उबवतानाच्या तापमानावर ठरतं: 26 अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, 32-33 ला बहुतेक नर, त्याहून वर पुन्हा माद्या जास्त. इन्क्युबेटरचा काटा हातात आल्यावर लोक हव्या त्या जोड्या लावू लागले आणि मॉर्फची, म्हणजे निवडून पैदा केलेल्या रंगप्रकारांची, रांग लागली. त्यात लेमन फ्रॉस्टही आला. त्याच्या पिवळ्याधमक रंगाला कारणीभूत असलेला जनुकीय बदलच त्वचेत गाठी वाढवतो, हे 2021 च्या संशोधनात दिसलं. असा जीव केवळ रंगासाठी पुन्हा पुन्हा जन्माला घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

क्रेस्टेडची गोष्ट वेगळी. न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या या गेकोची नोंद 1866 ची. पुढे तो नामशेष झाला असंच मानलं जाई. 1994 मध्ये तो पुन्हा सापडला आणि त्या सुमारास बाहेर गेलेल्या थोड्या जनावरांपासून आजची पाळीव पैदास वाढली. त्याची अंडी 22 ते 26 अंशांत, दोन-तीन महिन्यांत, कधी त्याहूनही उशिरा फुटतात. थंड देशांत ती कपाटातल्या डब्यातही उबतात, इन्क्युबेटर लागत नाही.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशीच्या वर जातो, तिथेच घात होतो. अंधारात अंड्याखाली टॉर्च धरला की आधी लालसर शिरांचं जाळं दिसतं. उष्णतेने गर्भ मेला की ते विरतं आणि अंडं पिवळट पडतं. म्हणून इथे जोडी पावसाळ्याच्या तोंडाशी लावावी आणि दिवाळीच्या सुमारास नर वेगळा करावा. मादी शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे नर काढल्यावरही ती काही महिने अंडी घालू शकते. ही उशिराची अंडी उन्हाळ्यात सापडतात. त्यांच्यासाठी गार खोली नसेल तर ती उबवायला ठेवू नयेत.