ब्लड कॅन्सरशी लढणाऱ्या पेशी: एकटी किलर पेशी काय करणार?

"पांढऱ्यो पेशी वाढल्यो तर बरा मा ता?" असं मालवणात शेजारच्या काकींनी विचारलं, आणि प्रश्न खरंच भारी आहे. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, मग ल्युकेमियात, म्हणजे ब्लड कॅन्सरमध्ये, त्या वाढल्या तर बिघडलं कुठे? बिघडतं असं की बोन मॅरोत, म्हणजे हाडातल्या मगजात, तयार होणाऱ्या ह्या पेशी अर्धवट कच्च्याच राहतात, लढत काहीच नाहीत, नुसती गर्दी करतात आणि चांगल्या रक्ताला जागाच ठेवत नाहीत.

आता ह्या आपल्याच घरच्या पेशी, त्यामुळे शत्रू म्हणून ओळखायच्या कशा हाच मोठा लोचा. तिथे एकटी किलर टी-सेल (बिघडलेल्या पेशींना मारणारी पांढरी पेशी) काही करू शकत नाही, हे काम रापणीसारखं आहे, कोणी होडीतून जाळं सोडायचं, कोणी काठावरून दोर ओढायचा. मेलेल्या कॅन्सर पेशींचे तुकडे उचलून डेंड्रायटिक पेशी ते लिम्फ नोडमध्ये (लसिका गाठीत) टी-सेल्सना दाखवतात, हेल्पर टी-सेल्स इंटरल्युकिन-2 सारखी रसायनं सोडून किलरना जोर देतात, मग किलर पेशी समोरच्या पेशीला भोक पाडून आत ग्रॅन्झाइम हे तिला मारणारं रसायन सोडते. काही कॅन्सर पेशी चलाख, ओळख पटवणारे रेणूच लपवतात म्हणजे टी-सेलला दिसायला नको, पण तो रेणू नाही म्हणूनच एनके (नॅचरल किलर) पेशी त्यांना धरतात!

दुसऱ्याच्या पेशी किती कामाच्या हे बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये, म्हणजे दुसऱ्याचा मॅरो पेशंटला देतात तेव्हा, कळलं. हुबेहूब (आयडेंटिकल) जुळ्या भावाचा मॅरो तंतोतंत जुळतो, तरी अशा पेशंटमध्ये ल्युकेमिया परत यायचं प्रमाण जास्त दिसलं, कारण जुळ्याच्या टी-सेल्सना त्या कॅन्सर पेशी परक्या वाटतच नाहीत.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र हेल्पर पेशींची. 2010 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला दोन पेशंटना त्यांच्याच टी-सेल्समध्ये जनुकीय बदल करून परत दिल्या, म्हणजे कार-टी. दहा वर्षांनी तपासलं तर त्या पेशी जिवंत होत्या आणि जवळपास सगळ्या हेल्पर गटातल्या, वर मारायचं कामही शिकलेल्या. 2022 मध्ये हे छापून आलं. श्रेय कायम किलरला, टिकल्या हेल्पर.

आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार19 ह्या कार-टी थेरपीला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. टाटाचं ट्रान्सप्लांट युनिट खारघरला आहे, कोकणातून जाताना पनवेल सोडलं की आलंच. पण हे सगळ्या ल्युकेमियांना चालत नाही हं. ही थेरपी सीडी19 हे निशाण बघून मारते, ते अँटीबॉडी बनवणाऱ्या निरोगी बी-सेल्सवरही असतं, त्या गेल्या तर इन्फेक्शन वाढतात पण अँटीबॉडीची इंजेक्शनं देऊन निभावता येतं. मायलॉइड ह्या ल्युकेमियाच्या दुसऱ्या प्रकारात मात्र जी निशाणं सापडतात त्यातली बरीचशी रक्त बनवणाऱ्या निरोगी मूळ पेशींवरही असतात, म्हणजे कॅन्सर मारायला जावं तर नवं रक्त बनणंच थांबायचं, म्हणून तिथे अजून गाडी अडली आहे.