हॅलोजनचा ट्रान्सफॉर्मर आणि एलईडीचा ड्रायव्हर: १२ व्होल्टचा घोळ

बागेतले हॅलोजन काढून एलईडी बसवले की तक्रार ठरलेलीच: दिवे लुकलुकतात. मग दुकानदाराला शिव्या, चायना मालाला शिव्या. बल्ब बदलून आणले तरी रडगाणं तेच. बल्ब बिचारा बहुतेक वेळा धड असतो. झाडाखालच्या जंक्शन बॉक्समध्ये साबणाच्या वडीएवढी जी डबी पडलेली असते, तिला मात्र कुणी हातही लावलेला नसतो.

जुनी मांडणी तुम्हाला ठाऊक आहेच. ५० वॉटचा एमआर१६ (वाटीसारख्या आरशातला छोटा हॅलोजन बल्ब), दोन बारीक पिना, हात लावला तर चटका. केबल २३० व्होल्टची आणि प्रत्येक दिव्यापाशी २३० चे १२ व्होल्ट करणारा एक इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तीच ती डबी. बंगल्यांच्या, सोसायट्यांच्या बागांत हे सर्रास दिसतं.

घरातले बल्ब बदलणं सोपं गेलं, तिथेच सवय बिघडली. २०१५ पासून उजाला योजनेतले एलईडी आले. जुना काढला, त्याच होल्डरमध्ये नवा लावला, झालं. त्या होल्डरमध्ये थेट २३० व्होल्ट होते. बागेत मध्ये डबी आहे. आणि इलेक्ट्रिशियन ठासून सांगतो, "साहेब, ह्याच्यावर पण बारा, त्याच्यावर पण बारा. चालतंय की."

नाही चालत. डबीवरचं लेबल वाचा. आउटपुटच्या १२ व्होल्टशेजारी लाटेसारखी खूण असते, म्हणजे एसी. आणि कुठेतरी बारीक अक्षरात '२०–६० वॉट'. सगळे ६० वाचतात आणि खूश होतात: आपला बल्ब तर ५ वॉटचा! खरी गोम त्या २० मध्ये आहे: किमान तेवढा भार मिळाला तरच डबी नीट चालते. ही डबी आधी २३० व्होल्टचा एसी सरळ करते, मग स्वतःच त्याची हजारो हर्ट्झची कंपनं करून इवल्याशा फेराइट गाभ्यातून १२ व्होल्ट काढते. ती कंपनं चालू राहतात ती दिव्याने ओढलेल्या करंटच्या जोरावर. शिवाय आत साठवण करणारा मोठा कपॅसिटर नसल्यामुळे ती सेकंदाला १०० वेळा थांबते आणि पुन्हा सुरू होते. ५० वॉटचा हॅलोजन ४ अँपियरच्या वर ओढायचा, त्याची तारही तापलेली राहायची, त्यामुळे हे थांबणं कुणाला दिसलं नाही. ५ वॉटचा एलईडी अर्धा अँपियरही धड ओढत नाही. डबी सुरू होते, भार सापडत नाही, बंद पडते, पुन्हा सुरू होते. तुम्हाला दिसते ती लुकलुक.

वर गंमत म्हणजे साधा मल्टिमीटर ५० हर्ट्झसाठी बनलेला. या डबीवर तो काहीतरी भलताच आकडा दाखवतो आणि चांगला ट्रान्सफॉर्मर 'गेलाय' म्हणून फेकला जातो.

म्हणून एलईडीसाठी ही डबी काढून तिच्या जागी एलईडीचा ड्रायव्हर लावायचा. त्याच्या लेबलवर लाट नसते. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ, म्हणजे डीसी. व्होल्टेज स्थिर, भार कमी असो वा जास्त. एमआर१६ एलईडीवर '१२ व्होल्ट एसी/डीसी' लिहिलेलं असेल तर तो यावर निमूट चालतो. त्यातला एसी म्हणजे ५० हर्ट्झचा बरं का, त्या डबीतला नव्हे. एक पथ्य मात्र पाळा: लेबलवर व्होल्टऐवजी '३५० मिलिअँपियर' ठळक छापलं असेल तर तो स्थिर करंटचा ड्रायव्हर. तो फक्त त्याच्या जोडीच्या फिटिंगला. तशा फिटिंगला उघडे १२ व्होल्ट दिलेत तर एलईडी जळू शकतो.

डबीऐवजी जुनी जड, लोखंडी गाभ्याची, घुमणारी ट्रान्सफॉर्मरची पेटी असेल तर नशीबवान आहात. तिला किमान भाराचं दुखणं नाही. भार घटल्यावर तिचे १२ चे १३-१४ व्होल्ट होतात, तेवढं बल्बला झेपतं का पाहून घ्या.

दोन जुगाड मला अजिबात पटत नाहीत. एक, डबीला भार मिळावा म्हणून तिच्यावर एलईडीच्या जोडीला एक हॅलोजन तसाच ठेवायचा. लुकलुक थांबते खरी, पण मग वीज वाचवायला निघालो होतो ते कशाला? दुसरा, डबी काढून थेट २३० व्होल्टवर चालणारे जीयू१० बल्ब लावायचे. ओल्या मातीत, मुलं अनवाणी फिरतात तिथे मी हे करू देणार नाही. केलंच असेल तर नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच.

बाकीचं किरकोळ. ५० वॉटच्या जागी ५ ते ७ वॉट पुरतात. गेटच्या खांबावरचे साधे होल्डरवाले दिवे असतील तर नुसता बल्ब बदला. मेटल हॅलाइडचे फ्लड असतील तर चोक-इग्नायटरसकट अख्खी फिटिंग काढा. आणि कृपा करून ६५०० केल्विनचा निळसर पांढरा आणू नका; आंब्याचं झाड आजारी दिसतं आणि किडेही जास्त येतात. २७०० किंवा ३००० घ्या.

एकच मोठा ड्रायव्हर लावून सगळे दिवे त्यावर घेणार असाल तर वायरचा हिशेब करा. ५ वॉटचे ८ दिवे म्हणजे ४० वॉट, ड्रायव्हर ६० चा घ्या. पण दीड स्क्वेअर एमएमच्या वायरवर २० मीटर टोकाला १२ मधले सुमारे दीड व्होल्ट वाटेतच जातात. अडीचची वायर ओढा, किंवा फिटिंगच नव्या घेणार असाल तर सरळ २४ व्होल्टवर जा.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, 'बारा व्होल्टचं द्या' एवढंच म्हणालात तर समोर येईल ते घरी येईल. 'बारा व्होल्ट डीसी, कॉन्स्टंट व्होल्टेज, साठ वॉट, आयपी६७' (म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा) असं पूर्ण म्हणा. आणि आयपी६७ मागितलाय म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून टेप मारून मातीत पुरू नका. जमिनीपासून वीतभर वर, हवेशीर जागी, वायर खालच्या बाजूने निघेल असा भिंतीला ठोका.