भूल, देह आणि वरून पाहणारा

मराठीत 'भूल' या शब्दाचे तीन संसार आहेत. ऑपरेशनआधी डॉक्टर देतात ती भूल, रानात चकवा लावते ती भूल, आणि संत ज्या मायेपासून सावध करतात तीही भूलच. त्यामुळे कोल्हापुरात थोरल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात अंबाबाईचा अंगारा पुडीत बांधून बसलेल्या नातेवाइकांना पेशंट म्हणाला, "मी वरनं सगळं बघत हुतो," की गोष्ट औषधावर थांबत नाही. ती नृसिंहवाडीच्या वाटेला लागते.

या गोंधळाची मुळे जुनी आहेत. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने 1799 मध्ये ब्रिस्टलला नायट्रस ऑक्साइड स्वतःवरच हुंगून पाहिला. वेदना कमी होतात हे त्याने लिहूनही ठेवले, पण पुढची चाळीसेक वर्षे लोकांनी हा वायू हसण्याखिदळण्यासाठीच वापरला. 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये मॉर्टन या दंतवैद्याने ईथर देऊन जाहीर शस्त्रक्रिया होऊ दिली, आणि भुलीचे शास्त्र सुरू झाले. त्याच सुमारास हुगळीत डॉ. एस्डेल मोहिनीविद्येने रुग्णांना गुंगवून गाठी कापत होते. ईथर, क्लोरोफॉर्म आले आणि ती विद्या मागे पडली.

भुलीत 'ज्ञान' होते हा दावाही तेव्हाचाच. अमेरिकेतल्या बेंजामिन ब्लडने 1874 मध्ये त्यावर पुस्तिका छापली. ती वाचून विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने नायट्रस ऑक्साइडचे प्रयोग केले आणि 1902 च्या धर्मानुभवांवरील ग्रंथात त्यांना जागा दिली.

खरी उलथापालथ केली केटामाइन या भुलीच्या औषधाने. 1962 मध्ये तयार झालेले हे औषध 1964 मध्ये माणसांना प्रथम दिले गेले. श्वास चालू, डोळे कधी उघडे, पण देहाशी नाते तुटलेले. मेंदूतल्या पेशींवरचे एनएमडीए ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे संदेश झेलणाऱ्या जागा, ते अडवते, आणि आपण छताशी तरंगतो आहोत असे काहींना वाटते. 2002 मध्ये जिनिव्हात अपस्माराच्या एका रुग्णेच्या मेंदूत उजव्या बाजूच्या एका विशिष्ट भागाला विजेचा हलका स्पर्श केला, तर औषधाविनाच ती स्वतःला वरून पाहू लागली.

मग देहाबाहेर पडतात म्हणतात त्या योग्यांचे काय? पतंजलींनी योगसूत्रांतल्या चौथ्या पादाच्या पहिल्याच सूत्रात सिद्धीची पाच कारणे सांगितली: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. औषधी दुसऱ्या क्रमांकावर! म्हणजे हे साम्य त्यांना ठाऊक होतेच. पण तिसऱ्या पादात ते सिद्धींना समाधीतला अडथळा म्हणतात. शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची कथा आपण चवीने सांगतो; तुकोबांनी स्वतःचे मरण डोळ्यांनी पाहिल्याचे गायले, ते मात्र देहातून उडण्याचे नव्हे, मीपण गळण्याचे. मला तरी हा फरक मोठा वाटतो. भुलीत पाहणाराही औषधाच्या ताब्यात असतो.

एक गोष्ट मात्र व्यवहाराची. "डॉक्टर काय बोलत हुते ते मी ऐकलं," असे पेशंट म्हणाला तर हात जोडून गप्प बसू नये, भूलतज्ज्ञाला सांगावे. भूल अपुरी पडून जाग राहणे हा वेगळाच प्रकार आहे. ब्रिटनमधल्या 2014 च्या मोठ्या पाहणीत साधारण 19,000 पूर्ण भुलींमागे अशी एक तक्रार आढळली. पुढच्या ऑपरेशनच्या वेळी तेवढी नोंद कामाला येते.