उज्जैनचं फूल, निमाडचं गवत

इंदूरच्या रामबागेत आमच्या आजीच्या फडताळात एक बुटकी बाटली असायची. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर, तिन्ही सारख्या वजनाचे खडे ती त्यात टाकायची, बूच घट्ट लावायची आणि आम्हाला बघत बसवायची. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही; तरी खडे हळूहळू घामेजायचे आणि बघता बघता सगळं पातळ होऊन जायचं. सर्दी झाली की त्याचा एक थेंब रुमालावर. अरोमाथेरपी, म्हणजे वनस्पतींच्या सुगंधी तेलांनी उपचार, हा शब्द काही तिच्या कानावर कधी पडला नाही.

शब्द तसा अलीकडचाच. फ्रान्समधल्या ल्योंचे रसायनतज्ज्ञ रेने-मोरिस गातफोसे यांचं त्याच नावाचं पुस्तक १९३७ सालचं. १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात ते भाजले. भाजलेला हात त्यांनी जवळच्या लव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडवला आणि चमत्कार झाला, ही कथा स्पाच्या माहितीपत्रकांत हटकून असते. त्यांनी स्वतः लिहिलंय ते निराळं: जखमा सडायला लागल्या, गॅस गँग्रीन (जंतूंमुळे मांस सडण्याचा गंभीर आजार) झालं, तेव्हा त्यांनी लव्हेंडरचा अर्क वापरला. म्हणजे अपघाताने नव्हे, जाणूनबुजून. पुढे फ्रेंच लष्करातले डॉक्टर झाँ वाल्ने यांनी ही तेलं वैद्यकात आणली आणि मार्गरित मोरी यांनी ती मालिशीच्या तेलात मिसळायला सुरुवात केली. स्पामध्ये आपल्याला भेटते ती मुख्यतः मोरीबाईंची परंपरा.

या तेलांना इंग्रजीत ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणतात; ‘इसेन्शियल’ म्हणजे इथे अत्यावश्यक नव्हे, अर्क. कागदावर एक थेंब टाकून बघा: खोबरेलाचा डाग तसाच राहतो, हे तेल बहुतेक उडून जातं. हळदीकुंकवाला मनगटावर लावतात ते अत्तर याहून वेगळं. कन्नौजच्या पद्धतीत तांब्याच्या डेगमधली (मोठ्या हंड्यातली) वाफ भपक्यातल्या, म्हणजे ती धरणाऱ्या भांड्यातल्या, चंदनतेलात जिरवतात, म्हणजे सुगंध आधीच तेलात मुरलेला असतो. (हल्ली चंदनाच्या जागी पुष्कळदा पॅराफिन असतं, तो भाग वेगळा.) निव्वळ अर्क मात्र अंगाला झोंबतो, ३० मिली तिळाच्या तेलात दहा-बारा थेंब पुरे. लव्हेंडरच्या वासाने मन थोडं निवतं, इथवर ठीक. त्यापुढचे बरेचसे दावे मी तरी कानाआड करते.

आता आजीच्या बाटलीकडे. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. ओव्याच्या तेलातून थंडाव्यात सुटे होणारे हे खडे एकोणिसाव्या शतकात उज्जैन आणि मध्य भारतात तयार होत आणि पुण्याच्या बाजारात विकले जात. युरोपातल्या थाइमच्या तेलात असतं तेच हे द्रव्य, असं १८५५-५६ च्या सुमारास रसायनतज्ज्ञांनी दाखवून दिलं. पहिल्या महायुद्धाआधी थायमॉल काढायला इथला ओवा जर्मनीला जात असे.

त्याच उज्जैनात सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत ‘गंधयुक्ती’ हा अख्खा अध्याय लिहिला. ज्योतिषी माणूस, त्यामुळे सुगंधातही गणित. सोळा द्रव्यांतून चार निवडायची, त्यांचं प्रमाण बदलत जायचं, की १,७४,७२० गंध होतात, असा त्याचा हिशेब. सोळांतून चार निवडण्याचे प्रकार १,८२०. प्रत्येक चौकडीच्या प्रमाणांचे प्रकार त्याने ९६ धरले, त्याने गुणून बघा. माळव्यातल्या मांडूचा सुलतान घियासुद्दीन शाहा याच्या काळात सुरू झालेल्या ‘निमतनामा’ या सचित्र पाकग्रंथात तर समोशांच्या शेजारीच सुगंधी अर्कांच्या कृती आहेत. इंदूरकरांना हे शेजारपण वेगळं समजावून सांगायला नको.

पण माझा जीव अडकतो तो निमाडच्या, म्हणजे खंडव्याकडच्या, गवतात. मागच्या वर्षी मी कौतुकाने ‘पामारोझा’ या सुगंधी तेलाची बाटली आणली. खंडव्याचे काका आले होते, त्यांनी बूच काढून वास घेतला आणि म्हणाले, “अगं, ही तर रोशा! खानदेशात तिखाडी म्हणतात हिला.” खरंच होतं. पाऊस ओसरला, गवत फुलोऱ्यावर आलं की नाल्याकाठी भट्ट्या लागत. कापलेलं गवत पाण्यासह भांड्यात कोंबायचं, खाली लाकडं पेटवायची आणि निघालेली वाफ गार करून तेल धरायचं. मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार, पामारोझा मोतियाचं. सोफियाचा वास उग्र, तिचं तेल जिंजरग्रास म्हणून जातं.

हे तेल मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्राच्या बंदरांत आणि तिथून इस्तंबूलला पोचायचं. तिथे लिंबाच्या रसाचं पाणी घालून ते उन्हात ठेवत, म्हणजे रंग उतरे. मग अर्क काढायच्या आधी गुलाबाच्या पाकळ्यांवर ते शिंपडत आणि सगळंच ‘गुलाबाचं अत्तर’ म्हणून युरोपात खपे. निमाडचा पत्ता तोवर केव्हाच पुसला गेलेला असे, त्या मालाला ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत. गुलाब आणि रोशा दोन्हींत जिरॅनिऑल हे गुलाबी वासाचं द्रव्य भरपूर, त्यामुळे नुसत्या नाकाने भेसळ धरणं अवघड जायचं.