वृद्धाश्रमातल्या आई-वडिलांसाठी कायद्याचा आधार : कोणती तक्रार कुठे न्यावी

आईला किंवा वडिलांना सशुल्क वृद्धाश्रमात ठेवलेली मंडळी आमच्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘तो 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना, त्याखाली या संस्थेवर काही करता येईल का?’ बहुतेक प्रकरणांत उत्तर ‘नाही’ असे द्यावे लागते आणि समोरचा माणूस खट्टू होतो. तो कायदा प्रामुख्याने मुले आणि वारस यांच्यावर जबाबदारी टाकतो. संस्थेविरुद्धही मार्ग आहेत, पण ते वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत. म्हणून हे पत्रक.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. खासगी वृद्धाश्रमातल्या रहिवाशाचे हक्क ओळीने मांडणारा एकच केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात अशा संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती. ते मंजूर झाले नाही. त्यामुळे संस्थेच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेले ‘सरकारमान्य’ प्रमाणपत्र जवळ जाऊन वाचा. पुष्कळदा ते 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचे ट्रस्टचे नोंदणीपत्र असते. ट्रस्ट नोंदलेला आहे, एवढेच त्यातून कळते. रात्रपाळीला नर्स असते का, याच्याशी त्याचा संबंध नाही. मात्र आजारी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन तिथे उपचार आणि शुश्रूषा होत असेल, तर महाराष्ट्रात 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचा प्रश्न येतो. ती नोंदणी आहे का, हे तोंडावर विचारा.

प्रवेशाच्या दिवशीचा कागद

आमच्या मते सगळ्यात मोठे संरक्षण इथे असते आणि नेमकी इथेच घाई होते. सामान गाडीत, आई खुर्चीत, डोळे भरून आलेले, आणि ऑफिसातली बाई पेनाने खुणा केलेल्या जागी सह्या घेत असते. दहा-बारा पाने. ‘संस्थेचा निर्णय अंतिम राहील’, ‘कोणतेही कारण न देता प्रवेश रद्द करण्याचा अधिकार’, ‘अनामत कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ ही वाक्ये बहुधा शेवटच्या दोन पानांवर असतात.

सही केली म्हणजे सगळे संपले, असे नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही कल्पना आणली. अवाजवी अनामत, किंवा सबळ कारणाशिवाय एकाच बाजूला करार मोडण्याची मुभा, या गोष्टी त्यात बसतात. करारच अनुचित आहे असे म्हणायचे असेल तर राज्य आयोगाकडे जावे लागते. सेवेतल्या त्रुटीची साधी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालते : ठरलेली नर्स नाही, पथ्याचे जेवण नाही, सोडून आल्यावर अनामत अडकवून ठेवली. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्कही नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे संस्था कोकणात आणि तुम्ही ठाण्यात असाल तर ठाण्यात. परदेशातल्या मुलांना ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षे. पैसे भरणारा मुलगा आणि सेवा घेणारी आई, दोघेही कायद्याने ग्राहकच. पूर्णपणे मोफत ठेवणाऱ्या संस्थेविरुद्ध मात्र हा मार्ग सहसा चालत नाही.

म्हणून दरमहाची पावती घ्या. ‘देणगी’ म्हणून घेतलेली रक्कम खरोखर फी असेल, तर ती कशासाठी दिली हे व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून पाठवा. जाता जाता : आयकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेने 60 वर्षांवरील रहिवाशाकडून राहणे-जेवण-देखभालीसाठी महिना 25,000 रुपयांपर्यंत घेतले, तर त्यावर जीएसटी लागत नाही. बिलात लावला असेल तर विचारा.

बांधून ठेवणे, कोंडणे, दुर्लक्ष

‘पडतात म्हणून रात्री पलंगाला बांधतो’ हे वाक्य आम्ही इतक्या सहजपणे उच्चारलेले ऐकले आहे की त्यावर थोडे थांबतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आजाराच्या व्यक्तीला साखळीने बांधायला कोणत्याही परिस्थितीत परवानगी नाही. मानसिक आरोग्य संस्थेत इतर प्रकारे जखडायचे तर तातडीचा धोका टाळण्याचा तेवढाच एक उपाय उरलेला असावा आणि प्रभारी मनोविकारतज्ज्ञाची मंजुरी हवी. शिक्षा म्हणून नाही, आणि माणसे कमी आहेत म्हणूनही नाही. प्रत्येक वेळी नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने नेमलेल्या माणसाला, 24 तासांत कळवायचे असते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ठेवणारी संस्था या कायद्याखाली नोंदलेली आहे का, हे पाहावे लागते. नसली तरी कोणाला बेकायदा कोंडून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 127 खाली गुन्हा आहेच.

त्याच संहितेचे कलम 357 फारसे कोणाला ठाऊक नसते. आजाराने किंवा अशक्तपणाने असहाय असलेल्या माणसाची देखभाल करण्याचा करार करून जो जाणूनबुजून ती करत नाही, त्याला 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात पोलीस स्वतःहून एफआयआर घेत नाहीत, दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते. शिक्षा लहान आहे. पण नोटिशीत या कलमाचा उल्लेख आला की व्यवस्थापक फोन उचलतात, हा अनुभव आहे.

अंगावर वळ, पाठीला जखम दिसली तर तारखेसह फोटो काढा आणि बाहेरच्या डॉक्टरांना दाखवून लेखी अहवाल घ्या. संस्थेच्या वहीतली ‘आज बरे आहेत’ ही नोंद पुरावा म्हणून तुमच्या कामाची नाही.

एटीएम कार्ड, अंगठा आणि फ्लॅट

कार्ड आणि पिन व्यवस्थापकाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, ते कितीही भले गृहस्थ असोत. कुलमुखत्यारपत्राबद्दलही मोठा गैरसमज आहे. ते देणाऱ्याची समज गेली की भारतीय करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे मुखत्यारी संपते, म्हणजे स्मृतिभ्रंश वाढल्यावर, नेमकी गरज असताना. बँकेत संयुक्त खाते, नामनिर्देशन वगैरे आधीच करून घ्यावे.

2007 चा कायदा संस्थेपर्यंत पोहोचतो तो इथे. ‘मरेपर्यंत सांभाळू’ या अटीवर फ्लॅट बक्षीसपत्राने दिला आणि नंतर सांभाळ केला नाही, तर कलम 23 खाली त्या कायद्याचे निर्वाह न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. हे कलम मुलांपुरते मर्यादित नाही, घेणारी संस्था असली तरी लागू आहे. पण अट सिद्ध व्हायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये म्हटले. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले, त्यात सांभाळाची अट कागदावर होती. तेव्हा अट दस्तातच लिहा.

मुलांनी पैसे भरणे बंद केले तर

2007 च्या कायद्याखाली निर्वाहाचा, म्हणजे पोटगीचा, अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढील निर्वाह न्यायाधिकरणाकडे करायचा. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित असतो, अपवाद म्हणून आणखी 30 दिवस. मूळ कायद्यात निर्वाहाची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे, आणि शहरातल्या वृद्धाश्रमाची फी त्यात भागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 144 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अशी मर्यादा नाही, आणि आई-वडील राहतात तिथेच, म्हणजे वृद्धाश्रमाच्या जिल्ह्यातही, अर्ज करता येतो. आणून सोडून कायमचे पाठ फिरवणाऱ्यांसाठी 2007 च्या कायद्याचे कलम 24 आहे : 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

फोन नंबर फ्रिजवर लावून ठेवा : ज्येष्ठांसाठी 14567, ग्राहक हेल्पलाइन 1915, मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100, जिवावरचा प्रसंग असेल तर 112. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, आजींनी हे लक्षात ठेवावे.

आम्ही काय करतो

आम्ही वकील नाही. प्रवेशाचा करार सहीच्या आधी वाचून खटकणाऱ्या अटींवर खुणा करून देतो, पावत्या आणि पत्रे लावून देतो, निर्वाह न्यायाधिकरणाचा अर्ज भरायला मदत करतो. 2007 च्या कायद्यात तिथे वकिलाकरवी बाजू मांडायची सोय ठेवलेली नाही, त्यामुळे कागद नीट असणे जास्तच महत्त्वाचे. आजोबांना स्वतः येता येत नसेल तर ते दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला अधिकार देऊ शकतात. फौजदारी प्रकरण असेल तर आम्ही हात घालत नाही, थेट वकिलांकडे पाठवतो.

भेटीला येताना प्रवेशाचा करार, शेवटच्या सहा महिन्यांच्या पावत्या, औषधांची चिठ्ठी आणि संस्थेशी झालेले मेसेज घेऊन या. करार तुमच्याकडे नसेल तर आधी संस्थेकडे त्याची प्रत लेखी मागा. त्या मागणीची तारीखही पुढे उपयोगी पडते.