इलेक्ट्रिक गिटार किट

इलेक्ट्रिक गिटार किट म्हणजे कारखान्यात आकार देऊन, खाचा पाडून, पण रंग-पॉलिश न करता विकला जाणारा गिटारच्या सुट्या भागांचा संच. त्यात कोरी बॉडी, फ्रेट (सुरांच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) बसवलेला नेक म्हणजे दांडा, ट्यूनिंगच्या खुंट्या, ब्रिज (बॉडीवर तारा टेकवणारा भाग), पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग), पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करणारे फिरते बटण), स्विच, जॅक, स्क्रू आणि तारांचा एक सेट असतो. लाकडाला फिनिश देणे, भाग जोडणे, वायरिंगला डाख देणे आणि शेवटी सेटअप करणे म्हणजे तारांची उंची आणि सूर जुळवणे ही चार कामे घेणाऱ्याची. बहुतेकांचा सगळा वेळ आणि उत्साह पहिल्या कामात खर्च होतो, पण गिटार हातात सुखाने वाजते की नाही हे ठरते ते नेकच्या बैठकीवर आणि शेवटच्या सेटअपवर.

पार्श्वभूमी

किट शक्य झाले ते स्क्रूने आवळलेल्या नेकमुळे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५० साली सपाट फळीची बॉडी आणि चार स्क्रूंनी जोडलेला नेक असलेली ब्रॉडकास्टर बाजारात आणली. ग्रेच कंपनीच्या ड्रमचे नाव तसेच असल्याने १९५१ मध्ये तिचे नाव टेलिकास्टर झाले. बॉडी आणि नेक वेगवेगळे तयार करून जुळवता येतात, एक बिघडले तर दुसरे लावता येते, ही सोय मुळात कारखान्यासाठी होती. १९७० च्या दशकात तिच्यावर सुट्या भागांचा धंदा उभा राहिला. आज गिटार कंपनी म्हणून ओळखली जाणारी शेक्टर १९७६ साली दुरुस्ती आणि सुट्या भागांचे दुकान म्हणूनच सुरू झाली. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांची प्रसिद्ध लाल-पांढऱ्या पट्ट्यांची गिटारही अशाच सुट्या बॉडी-नेकमधून जुळवलेली होती.

पहिल्या कामासाठी टेलिकास्टर पद्धतीचे किट घ्यावे. त्यात स्प्रिंगवर तोललेला ब्रिज नसतो, नेकला मागे कोन द्यावा लागत नाही, पिकअप दोनच, व्हॉल्यूम आणि टोनचा पॉट एकेक. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल पद्धतीच्या किटमध्ये नेक बहुधा गोंदाने चिकटवायचा असतो आणि तो सुमारे चार अंशांनी मागे झुकलेला लागतो. तिथे एखादा अंश चुकला तर ब्रिज पूर्ण खाली घेऊनही तारा उंचच राहतात आणि वाळलेला सांधा सोडवणे सोपे नसते. पुढील मापे टेलिकास्टर पद्धतीच्या, ६४८ मिलिमीटर (साडेपंचवीस इंच) स्केलच्या, म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीच्या, किटची आहेत.

कच्ची जोडणी

पॉलिश पेपर हातात घेण्याआधी गिटार एकदा कोरीच जोडून पाहावी. भोक चुकले हे रंग चढल्यावर कळले तर भोक बुजवा, घासा, पुन्हा रंगवा, असे सगळे काम दुबार होते.

प्रथम नेक बॉडीच्या खाचेत बसवून पाहावा. बाजूंना जाड कागदाइतकी फट राहिली तरी बिघडत नाही. खाचेचा तळ मात्र सपाट हवा. तळाशी राहिलेला गोंदाचा किंवा लाकडाचा कण नेक तिरका उचलतो आणि मग तारांची उंची कशानेच जुळत नाही. तो धारदार पटाशीने काढावा. पॉलिश पेपरने तळ घासू नये, कडा गोल होतात.

त्यानंतर मध्यरेषा. नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी; सॅडल म्हणजे ब्रिजवरचे, तार टेकणारे पुढे-मागे सरकणारे तुकडे. नटच्या बाहेरच्या दोन खाचांमधून ब्रिजच्या बाहेरच्या दोन सॅडलपर्यंत शिवणाचा दोरा ताणावा. शेवटच्या फ्रेटवर दोन्ही दोरे फिंगरबोर्डच्या (नेकवरची, फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) कडांपासून सारख्याच अंतरावर, सुमारे तीन मिलिमीटर आत असायला हवेत. एका बाजूला कललेले दिसले तर नेक खाचेत किंचित फिरवावा आणि त्याच स्थितीत क्लॅम्पने धरून भोकांच्या खुणा कराव्यात. काही किटमध्ये नेकला भोके पाडून येतात आणि ती चुकलेली असतील तर ही मोकळीक राहत नाही. तशी भोके सागाची किंवा मेपलची गुल्ली गोंद लावून बुजवून नव्याने पाडावीत.

ब्रिजची जागा अंदाजाने ठरवू नये. नटच्या पुढच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत ३२४ मिलिमीटर भरले पाहिजेत. तेवढेच अंतर पुढे मोजले की सॅडलची रेषा मिळते. तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून सॅडल या रेषेच्या थोडे मागेच जावे लागतात. पातळ ई तारेचा सॅडल एक-दोन मिलिमीटर, जाड ई तारेचा तीन ते पाच मिलिमीटर. म्हणून पातळ ईचा सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे घेतल्यावर ६४८ वर येईल अशा बेताने ब्रिज बसवावा.

नेकच्या स्क्रूंचे गणित आधी कागदावर करावे. बॉडी ४५ मिलिमीटर जाड आणि खाच १६ खोल असेल तर खाली २९ मिलिमीटर लाकूड उरते, त्यावर दोन मिलिमीटरची धातूची पट्टी. ४५ मिलिमीटरचा स्क्रू मग नेकमध्ये १४ मिलिमीटर शिरतो. नेकचा टाचेकडचा भाग फिंगरबोर्डसकट सुमारे २५ जाड असतो, म्हणून ड्रिलच्या पात्याला १५ मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळून खूण करावी. खूण नसेल तर पाते फिंगरबोर्डमधून वर येण्याची भीती असते. चार मिलिमीटरच्या स्क्रूला कडक मेपलमध्ये तीन मिलिमीटरचे भोक लागते. बॉडीतले भोक मात्र साडेचार हवे, म्हणजे स्क्रू तिथे न पकडता नेकला खाली ओढतो. दोन्हीकडे आटे पकडले तर मध्ये फट राहते आणि कितीही आवळले तरी सांधा सैलच असतो.

खुंट्यांचे दोन मिलिमीटरचे स्क्रू किटमध्ये मऊ लोखंडाचे येतात आणि भोक न पाडता पिळले की डोके तुटून दांडा लाकडातच राहतो. दीड मिलिमीटरचे भोक पाडावे आणि आट्यांना मेणबत्तीचे मेण लावावे. साबण लावण्याची सवय अनेकांना असते, पण साबण ओलावा धरतो आणि स्क्रू गंजतो.

हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या बसतात ते नेकचे टोक, पुष्कळदा कोरी फळी म्हणून येतो. फेंडरच्या हेडस्टॉकचा आकार नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, तेव्हा विकण्यासाठी बांधणाऱ्याने स्वतःचा आकार काढावा.

लाकूड

स्वस्त बॉडी बहुधा बासवूड किंवा पॉलोनियाची असते. दोन्ही हलकी आणि मऊ, नखानेही खड्डा पडतो. असा खड्डा लांबीने भरण्याआधी त्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवावी. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. बासवूडला स्टेन (लाकडात मुरणारा पारदर्शक रंग) ठिपके-ठिपके बसतो, म्हणून त्याला गच्च रंगच शोभतो. ॲश आणि महोगनीची रंध्रे मोठी असतात. आरशासारखा पृष्ठभाग हवा असेल तर ती फिलरने भरावी लागतात.

फिंगरबोर्डचे ‘ईस्ट इंडियन रोझवूड’ म्हणजे सह्याद्रीतही वाढणारे शिसवी. २०१७ मध्ये शिसवीची सगळी प्रजाती (डाल्बर्जिया) वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली आणि वाद्यांच्या व्यापाराला परवान्यांची अट लागली. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. मधल्या काळात बरेच उत्पादक दुसऱ्या लाकडांकडे वळले. त्यांतले ‘इंडियन लॉरेल’ म्हणजे आपल्या जंगलातला ऐन. शिसवी किंवा ऐनाच्या फिंगरबोर्डला लॅकर लावत नाहीत, तेल पुरते. मेपलचा फिंगरबोर्ड मात्र लॅकरशिवाय घामाने काळवंडतो.

फिनिश

घासाई १२० नंबरने सुरू करून १८०, २४०, ३२० अशी, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. सपाट भागावर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच वापरावा. २४० नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावे. उभे राहिलेले तंतू ३२० ने उतरतात. स्टेन लावायचा असेल तर त्याआधी बॉडी टर्पेंटाइनने पुसून आडव्या उजेडात पाहावी. कारखान्यातला गोंद जिथे सांडला असेल तिथे टर्पेंटाइन मुरत नाही आणि फिका डाग दिसतो. स्टेनही तिथे मुरणार नाही. वर मेपलचे व्हेनियर असेल तर ते जेमतेम अर्धा मिलिमीटरचे असते, त्याला १२० लावूच नये. नेकची खाच मास्किंग टेपने झाकावी, कारण रंगाच्या थराने नेक घट्ट होतो आणि बसवताना कडेचा रंग तडकतो.

घरी करण्यासारखे सर्वांत निर्धोक फिनिश तेलाचे. टंग ऑइल किंवा डॅनिश ऑइल फडक्याने लावायचे, पंधरा मिनिटांनी जादाचे पुसायचे, दिवसभर वाळू द्यायचे. असे चार-पाच हात. तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नयेत. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटतात. पाण्यात बुडवून किंवा उघड्यावर पसरून वाळवूनच टाकावीत.

सीलर म्हणून लाखेचा चपडा उत्तम काम देतो. एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे १२० ग्रॅम पुरतो. वर पीयू (पॉलियुरेथेन) चढवायचे असेल तर चपडा मेण काढलेला हवा, नाहीतर पीयू नीट धरत नाही आणि पुढे सुटतो.

नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ थरांत चढते, दिवसाला तीनपर्यंत, एकूण आठ ते बारा. मग तीन-चार आठवडे टांगून ठेवावे. नाकाजवळ धरल्यावर थिनरचा वास येत असेल तर ते अजून वाळलेले नाही. त्यानंतर १०००, १५००, २००० नंबरच्या वॉटर पेपरने ओली घासाई आणि शेवटी रबिंग कंपाउंड. कोकणात आणि मुंबईत हे काम पावसाळ्यात करू नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतले बाष्प त्यावर उतरते आणि लॅकरवर पांढुरकी झाक येते. थोडी झाक रिटार्डर (लॅकरचे वाळणे मंदावणारे द्रव) मिसळलेल्या पातळ हाताने जाते, पण कोरड्या दिवसांची वाट पाहणे अधिक शहाणपणाचे. काम नेहमी उघड्या हवेत, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क लावूनच करावे. कापडी मास्क वाफ अडवत नाही.

किट बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण याच टप्प्यावर असते. कोरडा वाटणारा लॅकर आत मऊ असतो. ब्रिज आणि पिकगार्ड घाईने आवळले की त्यांच्या कडांचे ठसे कायमचे उमटतात.

वायरिंग

सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपला २५० किलोओहमचे पॉट, हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) ५०० चे. टोनचा कपॅसिटर ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा. पॉटच्या पाठीवर डाख धरत नाही, कारण तो धातू उष्णता पसरवतो. पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडावी आणि ४० ते ६० वॉटची डाख देण्याची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) वापरावी. २५ वॉटची इस्त्री मिनिटभर टेकवून ठेवली तर डाख बसण्याआधी पॉट आतून जळतो. चांगला डाख चकचकीत आणि कडेला पसरलेला दिसतो. मळकट गोळा दिसला तर तो नुसता टेकलेला आहे, ओढला की सुटेल.

सर्वांत जास्त वेळा राहून जाते ती ब्रिजची अर्थिंगची वायर. टेलिकास्टरच्या मूळ रचनेत ब्रिज पिकअपच्या तळाला धातूची पट्टी असते आणि तिच्यातूनच ब्रिज अर्थ होतो. स्वस्त पिकअपला ही पट्टी नसते. मग वायरचे टोक दहा-पंधरा मिलिमीटर सोलून, तिच्या आतले बारीक धागे पसरवून ब्रिजखाली दाबावे लागते आणि ब्रिजच्या खालच्या बाजूला रंग किंवा लॅकर नाही ना हे पाहावे लागते. तारांना हात लावल्यावर घरघर थांबत असेल तर ही वायर जोडलेली आहे. तारांना हात लावल्यावर घरघर वाढत असेल तर जॅकच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत.

खाचांना आतून तांब्याची पट्टी चिकटवल्याने ट्यूबलाइट आणि डिमरची चरचर कमी होते. सिंगल कॉइलचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट मात्र त्याने जात नाही, कारण तो चुंबकीय असतो; त्यासाठीच गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ साली हंबकर घडवला. दोन्ही पिकअप एकत्र चालू केल्यावर आवाज पोकळ आणि चिरका येत असेल तर एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल कराव्यात. तारा चढवण्याआधी ॲम्पला जोडून पिकअपवर स्क्रू ड्रायव्हर हलकेच ठोकून पाहिला की सगळे जोड तपासून होतात.

सेटअप

क्रम बदलू नये: ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई), नट, तारांची उंची, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर नेमका लागणे). तारा ०.०१० ते ०.०४६ इंचाच्या चढवून पूर्ण सुरात आणाव्यात. जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली की सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.२ ते ०.२५ मिलिमीटर फट हवी. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड पाव-पाव वळसा फिरवून पुन्हा सुरात आणून मोजावे.

किटचा नट जवळजवळ नेहमीच उंच येतो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर कागदाच्या जाडीइतकी, सुमारे ०.१ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. जास्त असेल तर पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात आणि नवशिक्याला वाटते की खुंट्या वाईट आहेत. खाच तारेच्या जाडीच्या कानशीने, हेडस्टॉककडे उतार ठेवून खोल करावी. पैसे खर्च करायचेच असतील तर महागड्या पिकअपआधी हाडाचा नट आणि फ्रेटची समतल घासाई यांवर करावेत.

बाराव्या फ्रेटवर पातळ ई तारेखाली १.६ आणि जाड ईखाली २ मिलिमीटर उंची बहुतेकांना सोयीची. याहूनही कमी केल्यावर एखाद्याच जागी तार चरचरत असेल तर तिथला फ्रेट वर आलेला आहे: तीन फ्रेटवर टेकेल अशी छोटी सरळ पट्टी ठेवली की ती मधल्यावर डुगडुगते. त्यानंतर इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून निघणाऱ्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे.

विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोके कडेबाहेर येऊन तळहाताला टोचतात. ती लगेच कानशीने उडवू नयेत. पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगते. एक पूर्ण वर्ष गेल्यावर, पुढच्या एप्रिल-मेमध्ये जी टोके अजून टोचत असतील तेवढीच बारीक कानशीने तिरकी घासावीत आणि त्याच वेळी ट्रस रॉडची फट पुन्हा मोजावी.